तळ्याकाठचे शेजारी

'रहस्यकथा वाचतेस? आणि वर बी.ए. ला इंग्रजी घेतलेस?' असे आमच्याच वर्गातील एका मित्राने मला ग्रंथालयात विचारले तेव्हा मी पुस्तक पटकन वहीखाली सरकवले होते. आता वाटते, सरकवायला नको होते. म्हणून हा लेख.

पुस्तकाचे नाव 'द लॉन्ग गुडबाय'. लेखक रेमंड चँडलर. ते मला आमच्या सरांनी दिले. मी त्यांच्याकडे गेले होते ते 'सोपे इंग्रजी पुस्तक द्या' म्हणून. आमच्या घरात इंग्रजी पुस्तक हा प्रकार माझ्यापासूनच सुरू झाला. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई टेकडीवरच्या कॉलनीत चार बंगल्यांची धुणीभांडी करते. घरात पुस्तके म्हणाल तर आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत बाबुराव अर्नाळकरांच्या पाचपंचवीस रहस्यकथा होत्या, पाने पिवळी झालेल्या, काहींची शेवटची पाने उंदरांनी खाल्लेली. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड आजोबांच्या पिढीला पाठ होते. शेवटची पाने नसल्यामुळे खुनी कोण हे मीच ठरवायचे अशी मला लहानपणापासून सवय लागली. हे मी सरांना सांगितले, तर ते हसले आणि म्हणाले, 'मग हे घे. सोपे नाही, पण तू सोडणार नाहीस.'

त्रेपन्न प्रकरणे वाचायला मला पावणेतीन महिने लागले. शब्दकोश शेजारी ठेवून वाचत होते, आणि शब्दकोशाने फसवलेही. कादंबरीचा नायक आणि त्याचा मित्र एका बारमध्ये बसून 'गिमलेट' पितात. शब्दकोशात पाहिले तर अर्थ निघाला गिरमिट, म्हणजे सुताराचे भोके पाडायचे हत्यार! दोन शहाणी माणसे संध्याकाळी बसून गिरमिट कशी पितात हे कोडे मी आठवडाभर वागवले. शेवटी सरांना विचारले. जिन नावाची दारू आणि लिंबाचा गोड रस समसमान घालून केलेले ते पेय आहे म्हणे. असो.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. श्रीमंत शेजाऱ्यांच्या वस्तीत खून होतो आणि बाहेरचा एक हुशार माणूस येऊन तो उलगडतो, ही कथेची घडण इंग्लंडात फार लोकप्रिय झाली. अॅगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' हे त्याचे गाजलेले उदाहरण. किंग्ज अॅबट नावाचे एक काल्पनिक खेडे आहे. तेथे एक धनवान गृहस्थ आपल्या अभ्यासिकेत मारला जातो. शेजारच्या घरात एक परका माणूस राहायला आलेला असतो व तो बागेत दुधीभोपळ्यासारखी एक भाजी लावत बसलेला असतो. हाच तो प्रसिद्ध गुप्तहेर पॉयरो, धंदा सोडून स्वस्थ बसू पाहणारा. ही कादंबरीही मी मागाहून वाचली. तिचा शेवट इतका अनपेक्षित आहे की मी पुस्तक मिटून पुन्हा पहिल्या पानापासून उघडले.

अशा कथांना श्रीमंतच का लागतात, हा प्रश्न मला पडला. विचार केल्यावर असे दिसते की लेखकाची ती सोय आहे. मोठे घर म्हणजे पुष्कळ खोल्या, पुष्कळ दारे, कोण कोठून आले नि गेले याचा घोळ. इस्टेट आली म्हणजे मृत्युपत्र आले, मृत्युपत्र आले की वाट पाहणारे पुतणे-भाचे आले. आमच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत खून झाला तर त्यात रहस्य ते काय राहणार? भिंतीपलीकडच्या मावशीला खोकला आलेलाही आम्हाला ऐकू येतो. रहस्याला जागा लागते आणि जागेला पैसा लागतो.

दुसरी एक गोष्ट या कथांत हटकून येते, ती म्हणजे नोकरमंडळी. 'अॅक्रॉइड'मध्ये पोलिसांचा पहिला संशय बटलरवर जातो. घरातून चाळीस पौंड गेलेले असतात, तेव्हाही मोलकरणींची विचारपूस आलीच. वाचकाला मात्र मनातून ठाऊक असते की नोकर खुनी निघणार नाही, कारण ते रहस्य फारच साधे होईल. म्हणजे संशयाला नोकर चालतो, पण शेवटाला चालत नाही. हे वाक्य मी सरांपुढे म्हटले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

चँडलरला ही इंग्रजी घडण मंजूर नव्हती. १९४४ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील 'अटलांटिक' मासिकात त्याने 'द सिंपल आर्ट ऑफ मर्डर' नावाचा निबंध लिहिला आणि त्यात ए. ए. मिल्न या लेखकाच्या 'द रेड हाउस मिस्टरी' या १९२२ च्या कादंबरीची अक्षरशः चिरफाड केली. मिल्न म्हणजे मुलांसाठी विनी द पूह हे अस्वल निर्माण करणारा तोच. त्याच्या कादंबरीत एका ऐसपैस घरात खून होतो. चँडलर हिशेब मांडावा तसे मुद्दे मांडत जातो. मेलेला माणूस खरोखर कोण याची कायदेशीर ओळखच न पटवता चौकशी कशी काय पुरी होते? पोलीस साधे प्रश्नही का विचारत नाहीत? त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की हे कोडे नीट जुळावे म्हणून लेखकाने खऱ्या माणसांना आणि खऱ्या कारणांना घराबाहेर ठेवले आहे. मला हा निबंध पूर्णपणे पटला असे नाही. कोड्यात गंमत असते आणि गंमत हा काही गुन्हा नव्हे. पण त्याची तक्रार मनात राहिली.

चँडलर हा माणूस स्वतः दोन्ही जगांतला. जन्म १८८८ चा, शिकागोचा. वडील घर सोडून गेले, तेव्हा आई त्याला घेऊन इंग्लंडात आली आणि नातलगांच्या आधाराने त्याचे शिक्षण डलविच कॉलेज या नामांकित शाळेत झाले. १९१२ मध्ये तो अमेरिकेत परतला, पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून लढला आणि पुढे लॉस एंजेलिसला एका तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर चढला. दारूच्या पायी १९३२ मध्ये ती नोकरी गेली. त्या वेळी तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. मग त्याने स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांत पोटासाठी रहस्यकथा लिहायला घेतल्या. पहिली कथा १९३३ मध्ये 'ब्लॅक मास्क'मध्ये आली, पहिली कादंबरी 'द बिग स्लीप' १९३९ मध्ये. श्रीमंतांची दिवाणखान्यातली बोलणी त्याने टेबलाच्या त्याच बाजूला बसून ऐकली होती आणि नंतर त्याच टेबलावरून त्याला उठवले गेले होते. 'द लॉन्ग गुडबाय' इंग्लंडात १९५३ मध्ये आणि अमेरिकेत १९५४ मध्ये निघाली. १९५५ मध्ये तिला उत्कृष्ट रहस्यकादंबरीचे एडगर पारितोषिक मिळाले. ती लिहिली जात असताना त्याची पत्नी सिसी, जी त्याच्याहून अठरा वर्षांनी मोठी होती, दीर्घ आजारी होती. १९५४ च्या डिसेंबरात ती वारली, आणि १९५९ मध्ये तोही गेला. त्याच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्या अवघ्या सात.

या सर्व कादंबऱ्यांचा नायक व निवेदक एकच, फिलिप मार्लो. तो खाजगी गुप्तहेर आहे. खाजगी गुप्तहेर म्हणजे काय हे येथे थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण आपल्या डोळ्यांसमोर झुंजार येतो. मार्लो तसा नाही. त्याच्याकडे कॅलिफोर्निया राज्याचा परवाना आहे, आणि पोलिसांची मर्जी खप्पा झाली तर तो जाऊ शकतो. वकिलाला अशिलाचे गुपित राखण्याचा जो हक्क असतो तसा याला नाही. तो भाड्याच्या घरात एकटा राहतो, स्वतःची कॉफी स्वतः करतो आणि रात्री जुन्या बुद्धिबळपटूंचे डाव एकटाच मांडून बसतो. पहिल्या कादंबरीत त्याचा दर आहे रोजचे २५ डॉलर, खर्च वेगळा. म्हणजे तो रोजंदारीवरचा माणूस आहे! हे वाचले तेव्हा मला तो एकदम ओळखीचा वाटला. आमच्या घरातही कामाचा हिशेब दिवसावर होतो.

आता कथा. खुनी कोण ते मी सांगणार नाही, निश्चिंत राहा.

एका श्रीमंती क्लबाच्या दारात, रोल्स रॉइस गाडीत, दारूने पार गेलेला एक तरुण मार्लोला दिसतो. केस पांढरे, चेहऱ्याच्या एका बाजूवर युद्धातल्या जखमांच्या खुणा, बोलणे मात्र अतिशय सभ्य. हा टेरी लेनॉक्स. बरोबरची बाई त्याला तसाच सोडून गाडी घेऊन निघून जाते. मार्लो त्याला घरी नेतो. का नेतो हे त्यालाही सांगता येत नाही. पुढे दोघांची एक प्रकारची मैत्री जमते, फारशी न बोलणारी, संध्याकाळी रिकाम्या बारमध्ये बसून ते गिरमिट पिण्याएवढीच. टेरीची बायको सिल्व्हिया ही हार्लन पॉटर नावाच्या अतिधनाढ्य माणसाची मुलगी. एका पहाटे टेरी हातात पिस्तूल घेऊन मार्लोच्या दारात येतो आणि म्हणतो, मला सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत पोचव. मार्लो त्याला म्हणतो की काय झाले ते मला सांगू नकोस, आणि पोचवतो. परत येतो तो दारात पोलीस उभे. सिल्व्हिया आपल्या बंगल्यात मरून पडली आहे.

येथून पुढची काही प्रकरणे मला संपूर्ण पुस्तकात सर्वांत मोलाची वाटतात. पोलीस मार्लोला मारतात, त्याला तीन दिवस कोठडीत ठेवतात. त्याने एवढेच सांगायचे असते की टेरीला मी अमुक ठिकाणी सोडले. तो सांगत नाही. एक भारी वकील कोठडीत येऊन 'मी तुला सोडवतो' म्हणतो, पण आपल्याला कोणी पाठवले ते सांगत नाही. मार्लो त्यालाही नको म्हणतो. मग एकाएकी त्याला सोडून देण्यात येते, कारण मेक्सिकोतल्या एका खेड्यात टेरीने कबुलीजबाब लिहून आत्महत्या केल्याची बातमी येते. प्रकरण मिटले. इतक्या सुबकपणे मिटले की मार्लोला तोच संशय येतो. काही दिवसांनी टेरीचे पत्र येते आणि त्यातून निघते ५००० डॉलरची एकच नोट. अशा नोटा अमेरिकेत खरोखर होत्या, त्यांवर राष्ट्राध्यक्ष मॅडिसनचे चित्र असे. १९४५ नंतर त्या छापल्या नाहीत आणि १९६९ मध्ये त्या देणे सरकारने बंद केले. रोजच्या २५ डॉलरच्या दराने हिशेब केला तर ती मार्लोची दोनशे दिवसांची मजुरी होते. तो ती तिजोरीत ठेवतो. खर्च करत नाही. शेवटी ती कोणाला आणि कशी परत करतो ते वाचकाने स्वतः पाहावे. मी त्या पानावर रडले होते, एवढेच सांगते.

यानंतर कथा शहराबाहेर आयडल व्हॅली नावाच्या काल्पनिक वसाहतीत शिरते. 'आयडल' म्हणजे निरुद्योगी. निरुद्योग्यांचे खोरे! डोंगरांच्या मध्ये तळे, तळ्याभोवती बंगले. पूर्वी तेथे जुगाराचा अड्डा होता, तो गेला आणि शांत पैसा आला. तळे व तळ्याचा काठ एका क्लबाच्या मालकीचा आहे. ज्यांना क्लब सभासद करून घेत नाही त्यांना पाण्यात उतरता येत नाही. येथे रॉजर वेड नावाचा लोकप्रिय कादंबरीकार राहतो. त्याच्या पुस्तकांचा खप अफाट, पण चालू पुस्तक त्याच्याने संपत नाही आणि दारू सुटत नाही. त्याची बायको आयलीन अतिशय सुंदर आहे. न्यूयॉर्कचा प्रकाशक मार्लोला बोलावतो ते या लेखकावर नजर ठेव म्हणून. मार्लो एकदा नाही म्हणतो, पण गुंततोच. तेथेच जवळ सिल्व्हियाची बहीण लिंडा राहते, तिचा डॉक्टर नवरा राहतो. हळूहळू लक्षात येते की मेलेली सिल्व्हिया, पळालेला टेरी आणि हा दारुडा लेखक यांची घरे दिसायला लांब लांब असली तरी धागे एकमेकांत गुंतलेले आहेत.

इंग्रजी खेड्यातल्या शेजाऱ्यांत आणि या शेजाऱ्यांत मोठा फरक आहे. ख्रिस्तीच्या गावात सगळ्यांना सगळे ठाऊक असते. दूधवाला सांगतो, मोलकरीण सांगते, डॉक्टरची बहीण तर वर्तमानपत्रच असते. आयडल व्हॅलीत कोणी कोणाकडे सहज जात नाही. मेजवान्या होतात, पेले खणखणतात, आणि त्यात लिंडाचा नवरा वेडवर आपल्या बायकोवरून जाहीर आरोपही करून जातो. तरी दुसऱ्या दिवशी काही घडलेच नव्हते असे सगळे वागतात. हार्लन पॉटर मार्लोला भेटायला बोलावतो तो प्रसंग या दृष्टीने फार महत्त्वाचा. हा माणूस स्वतः वर्तमानपत्रांचा मालक आहे आणि त्याला वर्तमानपत्रे आवडत नाहीत. त्याला हवा आहे तो फक्त एकांत, बोभाटा नको. त्यासाठी स्वतःच्या मुलीच्या खुनाचीही पुरती चौकशी झाली नाही तरी चालेल. तो धमकी देत नाही. देण्याची गरजच नाही. पोलीस, सरकारी वकील, वर्तमानपत्रे सगळे न सांगताच समजून असतात.

येथे चँडलरची रहस्यकथा मला इतरांपेक्षा वेगळी वाटली. साध्या रहस्यकथेत खुनी सत्य लपवतो आणि बाकीचे शोधतात. येथे खुनी एक असेल, पण लपवणारी सगळी वस्ती आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी काहीच केलेले नाही. त्यांनी फक्त विषय काढलेला नाही.

आता मला एक घरची गोष्ट सांगायची आहे. लिहू की नको असा विचार पुष्कळ केला. आईला विचारले, तर ती म्हणाली, 'लिही की. नाव नको लिहूस त्यांचं.'

मी सातवीत होते. आई ज्या चार बंगल्यांत काम करते त्यांतल्या एका घरी बाईंच्या मोत्यांच्या कुड्या सापडेनात. दुपारची वेळ. आईला पिशवी रिकामी करायला लावली. पिशवीत जेवणाचा डबा, साबणाची अर्धी वडी आणि माझ्यासाठी कुणीतरी दिलेली जुनी वही. मग पदर झटकायला सांगितले. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तिला मदतीला जात असे, म्हणून मी तेथेच मोरीत भांडी विसळत होते. मी हे पाहिले. संध्याकाळपर्यंत उरलेल्या तिन्ही बंगल्यांतून निरोप आले, 'दोन दिवस येऊ नको.' त्या कॉलनीत शेजाऱ्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे नाही, एका घरच्या लग्नाचा पेढा दुसऱ्या घरी आम्हीच पोचवायचो. पण ही बातमी एवढ्या कुंपणांवरून एका दुपारीत कशी गेली, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पाचव्या दिवशी निरोप आला, 'उद्यापासून ये.' कुड्या कपाटाच्याच खणात, एका पाकिटात सापडल्या होत्या. तसे कोणी आम्हाला येऊन सांगितले नाही. आईला ते दिसले ते बाईंच्या कानांत. आई गेली कामाला. पाच दिवसांचा पगार कापलेला होता.

मार्लोची कोठडीतली तीन प्रकरणे वाचताना मला हे आठवत होते. तो त्या बंगल्यांत पुढच्या दाराने जातो आणि प्रश्न विचारतो, हा त्याचा आणि आमचा फरक. बाकी त्याचीही पिशवी रिकामी करून घेतातच.

कादंबरीत कँडी नावाचा एक नोकर आहे. वेडच्या घरी तो सगळे करतो, स्वयंपाकापासून प्यालेल्या मालकाला अंथरुणात नेऊन टाकण्यापर्यंत. जो तो त्याला मेक्सिकन समजतो, तो मात्र चिलीचा आहे आणि ते ठणकावून सांगतो. मालक नशेत जे बरळतो ते तो ऐकतो. तो काही साधू नाही, ऐकलेल्याचे पैसेही करतो. पण त्या घरातले खरे काय हे त्याला इतरांच्या आधी उमगलेले असते, आणि नीट विचारायला कोणी येत नाही. मार्लोदेखील सुरुवातीला त्याच्याशी तुसडेपणानेच वागतो, त्याच्या देशावरून बोलतो. ही या कादंबरीची मला खटकलेली बाजू आहे. चँडलरला सत्तेचा आणि पैशाचा वास चटकन येतो, पण आपल्या नायकाच्या तोंडच्या तुच्छतेचा येत नाही. बायकांच्या बाबतीतही तसेच. सोनेरी केसांच्या बायकांचे किती प्रकार असतात यावर तो अर्धे प्रकरण रंगवतो. वाचायला चटकदार आहे, पण त्यात एकही बाई माणूस म्हणून दिसत नाही. शिवाय मध्यंतरी कथा रेंगाळते. 'व्ही' या अक्षराने नाव सुरू होणाऱ्या तीन डॉक्टरांचा शोध मला कंटाळवाणा वाटला. आणि काही योगायोग असे आहेत की चँडलरने मिल्नला जे प्रश्न विचारले ते त्यालाही विचारता येतील.

१९७३ मध्ये रॉबर्ट ऑल्टमन या दिग्दर्शकाने या कादंबरीवर चित्रपट काढला. एलियट गूल्ड त्यात मार्लो झाला आहे. काळ बदलून त्या वेळचा, सत्तरीच्या दशकातला केला आहे, आणि शेवट तर पार उलटा करून टाकला आहे. त्यामुळे चँडलरचे चाहते रागावले, असे सर म्हणाले. तो शेवट काय ते सरांनी सांगितले तेव्हा मीही रागावले. कादंबरीतला मार्लो शेवटी ज्या रीतीने निरोप घेतो त्यात एक प्रकारची इज्जत आहे. खरे कागद वर्तमानपत्रात छापून यावेत म्हणून तो जे करतो त्यात त्याला एक पैसा मिळत नाही, मार मात्र मिळतो. पण टेरी लेनॉक्स खुनी म्हणून गाडला गेला होता, आणि तसे नसेल तर ते कोणीतरी म्हटले पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. कुड्या सापडल्या हे येऊन सांगण्यासारखेच ते आहे.

पुस्तक संपत आले तेव्हा रोज रात्री भांडी घासताना मी आईला गोष्ट सांगत असे. तिला पात्रांची नावे लक्षात राहत नाहीत, म्हणून टेरीला ती 'पांढऱ्या केसांचा' आणि वेडला 'तो पुस्तकवाला' म्हणते. एक प्रसंग असा आहे की त्या पुस्तकवाल्याच्या घरात मार्लो पहाऱ्यासारखा थांबला आहे. पुस्तकवाला पिऊन आपल्या खोलीत झोपला आहे. मार्लो बाहेर तळ्याकाठी जाऊन बसतो. तळ्यावर एक मोटारबोट एका माणसाला फळीवर उभे करून ओढत नेते आहे, तिचा आवाज आसमंतात घुमतो आहे. मार्लो बराच वेळ ती मजा बघतो. नंतर घरात जातो, तर आत एक जीव गेलेला असतो.

मी तेवढ्यावर थांबले होते. दिवाही जायची वेळ झाली होती.

आई म्हणाली, 'बोट किती मोठ्यानं वाजत होती म्हणालीस?'

मी म्हटले, 'फार मोठ्यानं. का गं?'

'काही नाही. आमच्या त्या दोन नंबरच्या बंगल्यात मिक्सर लावला ना, की दाराची बेल ऐकू येत नाही. आत कोण येऊन गेलं, कळत नाही.'

ती मोटारबोट कशासाठी घुमत होती हे मला पुढची नऊ-दहा प्रकरणे वाचेपर्यंत कळलेले नव्हते.

— द्वितीय वर्ष, कला